दोनदा गाडी अर्ध्यावर उभी राहिली. चोवीस तासांच्या शर्यतीला पुन्हा जावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दुबईत नोकरी सांभाळून शर्यतीची गाडी चालवणारी एक छोटी मराठी टीम आहे. सात-आठ जण, एक टीसीआर गाडी (रस्त्यावरच्या मोटारीवरून बनवलेली शर्यतीची गाडी). जानेवारीत तिथे होणाऱ्या २४ तासांच्या शर्यतीत सलग दोन वर्षं त्यांची गाडी शेवटपर्यंत पोचली नाही. पहिल्या वर्षी रात्री पुढच्या चाकाचं बेअरिंग गेलं, दुसऱ्या वर्षी पहाटे गाडीची वीज बनवणारा अल्टरनेटर. एक चांगला मेकॅनिक सोडून गेला. पैसे देणारे आता विचारतात, "हे कशासाठी?" टीम चालवणाऱ्या मित्राने विचारलंय: पुन्हा जावं की थांबावं? आणि आमच्यासारख्या टीम टिकतात तरी कशा?

माझं उत्तर: जा. पण नावनोंदणीचे पैसे भरण्याआधी दोन गोष्टी तपासा. तीच गाडी आणि बहुतेक तीच माणसं घेऊन जाता येणार आहे का? आणि गाडी का थांबली, हे त्या सुट्या भागाचं नाव घेऊन, तो किती तास चालला होता हे धरून सांगता येतं का? दोन्हींचं उत्तर "हो" असेल तर तुमच्या दोन माघारी वाया गेलेल्या नाहीत. माझं कामाचं बहुतेक आयुष्य छोट्या टीमच्या गॅरेजमध्ये गेलं. तिथे टिकलेल्या टीम मी पाहिल्या, त्या सगळ्यात वेगवान नव्हत्या आणि श्रीमंत तर नव्हत्याच. एका वर्षातून दुसऱ्या वर्षात काय न्यायचं, हे त्यांना कळत होतं.

याचं मला सगळ्यात जवळचं वाटणारं उदाहरण म्हणजे ज्याँ रोंदो. फ्रान्समधल्या ल माँ गावचाच माणूस, १९४६ चा जन्म. गावात दर जूनमध्ये जगातली सगळ्यात मोठी २४ तासांची शर्यत होते आणि आपण त्यात स्वतः बांधलेली गाडी उतरवायची, हे त्याच्या डोक्यात बसलेलं. १९७६ मध्ये भिंतीचे कागद बनवणाऱ्या इनाल्तेरा या कंपनीने त्याला पैसे दिले, म्हणून गाडीचं नावच इनाल्तेरा. पहिल्याच वर्षी जीटीपी या गाड्यांच्या वर्गात पहिली आणि एकूण आठवी. १९७७ मध्ये रोंदो आणि ज्याँ रान्योत्ती चौथे आले. एवढ्या चांगल्या निकालानंतर कंपनीने हात काढून घेतला आणि गाड्याही विकल्या गेल्या.

तुमच्या प्रश्नाशी याचा थेट संबंध आहे. चोवीस तासांच्या शर्यतीतला सगळ्यात मोठा फटका नेहमी ट्रॅकवरच बसतो असं नाही. रोंदोची गाडी चालत होती, पैसा थांबला. १९७८ ला त्याने स्वतःच्या नावाची एकच गाडी उभी केली, एम ३७८. गावातल्या माणसांची मदत, थोडे पैसे, थोडा वेळ. ती नववी आली आणि पुन्हा आपल्या वर्गात पहिली. १९७९ ला पाचवी. आणि १९८० च्या जूनमध्ये रोंदो आणि ज्याँ-पिएर जोसो यांनी एम ३७९ बी ही गाडी घेऊन ल माँ जिंकलं. स्वतःचं नाव असलेल्या गाडीतून ही शर्यत जिंकणारा तो एकटाच ड्रायव्हर आहे.

आकडे ओळीने वाचा: आठवा, चौथा, नववा, पाचवा, पहिला. मधला नववा क्रमांक बाहेरच्याला घसरण वाटेल. मी तो त्या पाच वर्षांतला सगळ्यात मोलाचा निकाल मानतो. पैसा गेलेला, जुन्या गाड्या गेलेल्या, तरी गाडी शेवटपर्यंत पोचली आणि पुढच्या वर्षासाठी चोवीस तासांची नोंद हातात आली.

आता त्या गाडीच्या पोटात काय होतं ते पाहू. तीन लिटरचं, आठ सिलिंडरचं कॉसवर्थ डीएफव्ही इंजिन. हे १९६७ मध्ये फॉर्म्युला वनसाठी आलं, म्हणजे जेमतेम दोन तासांच्या शर्यतीसाठी. त्याच्या आतल्या फिरत्या दांड्याच्या, म्हणजे क्रँकशाफ्टच्या, रचनेमुळे ते जबर थरथरतं. दोन तास ही थरथर सोसून जाते. चोवीस तासांत तीच थरथर एक्झॉस्टचे सांधे फोडते, वायरी कापते, बोल्ट सैल करते, अल्टरनेटर मारते. १९७५ मध्ये गल्फ या तेल कंपनीच्या गाडीने याच इंजिनावर ल माँ जिंकलं होतं, तेही इंजिनाचे फेरे मुद्दाम खाली आणून. रोंदोने दर वर्षी इंजिन बदलत बसण्याऐवजी याच इंजिनाच्या खोडी पाठ केल्या. पाच वर्षं एकच जात धरून ठेवली. छोट्या टीमला सगळ्यात जास्त हवी ती शिस्त हीच. हरल्यावर नवी गाडी घ्यायची उबळ येते. नव्या गाडीबरोबर नव्या खोडी येतात आणि त्या कळायला पुन्हा दोन-तीन वर्षं लागतात.

१९८० ची शर्यतही नीट समजून घेण्यासारखी आहे. रोंदोच्याच दुसऱ्या गाडीने, पेस्कारोलो आणि रान्योत्तीच्या, सुरुवातीची जागा ठरवणाऱ्या पात्रता फेरीत पहिली जागा मिळवली होती. तीच गाडी इंजिनच्या बिघाडाने बाद झाली. समोर जॅकी इक्स आणि राइनहोल्ड योस्ट यांची पोर्शे होती, वेगाने रोंदोपेक्षा कमी नाही. त्या पोर्शेचा इंजेक्शन पंपाचा पट्टा तुटला, तो इक्सने ट्रॅकच्या कडेला स्वतः बदलला. सकाळी तिच्या गिअरबॉक्सने दगा दिला. रोंदोची गाडी पिटमध्ये (इंधन आणि दुरुस्तीसाठी थांबायच्या जागेत) कमी मिनिटं उभी राहिली, एवढाच फरक. शेवटी पावसाची सर आली. इक्स पावसाचे टायर घालायला आत आला, जोसो कोरड्या ट्रॅकच्या गुळगुळीत टायरवरच बाहेर राहिला आणि सर ओसरली. ३३८ फेऱ्या, ४,६०० किलोमीटरांहून थोडं अधिक अंतर, आणि विजय दोन फेऱ्यांनी. तिसरा क्रमांकही रोंदोच्याच एका गाडीचा. निकाल वाचताना लोकांना जोसोचं धाडस दिसतं. मला आधीच्या चार वर्षांत बदललेले, वाकवलेले, बांधलेले, दुहेरी केलेले शेकडो छोटे भाग दिसतात.

आता तुमच्या बेअरिंगकडे येतो, कारण खरं काम तिथे आहे.

"बेअरिंग गेलं" हे कारण नाही, हा परिणाम आहे. टीसीआर गाडी पुढच्या चाकांवर चालते. वळायचं, खेचायचं आणि बहुतेक ब्रेक लावायचं काम त्याच दोन चाकांवर. ब्रेक डिस्कची उष्णता हबमध्ये (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागात) उतरते, ग्रीस पातळ होऊन जळतं, वर ड्रायव्हर वळणावरच्या कर्बवरून (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावरून) गाडी उडवतो तो दणका वेगळाच. म्हणून पहिलं काम कागदाचं: प्रत्येक हबवर नंबर कोरा आणि त्यापुढे तो किती तास चालला ते लिहा. सराव धरून, पात्रता फेरी धरून. मी ज्या टीम कोसळताना पाहिल्या त्यांच्याकडे भाग होते, त्या भागांचं वय कोणालाच माहीत नव्हतं. हबवर तापमानाचा रंग लावा, तो किती तापला ते रंगच सांगतो. पिटमध्ये गाडी जॅकवर गेली की चाक वर-खाली धरून हलवायचं आणि ढिलाई हाताला लागते का पाहायचं, हे एकाच माणसाचं काम ठेवा. दर वेळी तोच हात, म्हणजे फरक कळतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: हब बदलायचा तो बिघडल्यावर नाही, ब्रेक बदलताना. डिस्क तुम्ही मध्ये कधीतरी बदलणारच. त्याच वेळी हब, बेअरिंग, डिस्क, कॅलिपर असा अख्खा जोडलेला संच लावा. तो आदल्या दिवशीच टेबलावर जोडून, बोल्ट खुणा करून, झाकून ठेवलेला असला पाहिजे. दोन्ही बाजूंचा. ठरवून केलेलं काम मिनिटांत संपतं. रात्री ट्रॅकच्या टोकाला चाक अडकलं की गाडी ओढून आणायला जाणारा वेळच तुमची शर्यत खातो.

अल्टरनेटरचंही तेच. तो बहुतेक वेळा अचानक जात नाही. व्होल्टेज आधी हळूहळू उतरतं, बऱ्याचदा तासभर आधीपासून. गाडीच्या डॅशवर आणि पिटमधल्या स्क्रीनवर इशारा लावा आणि तो कोणी बघायचा, त्याचं नाव ठरवा. बहुतेक छोट्या टीममध्ये स्क्रीन असतो, बघणारा झोपलेला असतो. अल्टरनेटर एक्झॉस्टच्या किती जवळ आहे, मध्ये उष्णतारोधक पत्रा आहे का, मागची वायर थरथरून कुठे घासते, हे पाहा. पट्टा गरजेपेक्षा जास्त ताणला असेल तर त्याचंच बेअरिंग आधी मरतं. सुटा अल्टरनेटर खोक्यात नको. तो सरावात एक तास चालवून, काढून, कनेक्टरसकट तयार ठेवा. न वापरलेला नवा भाग मी रात्री तीन वाजता गाडीवर चढवत नाही. एवढं पाहूनही व्होल्टेज पडलंच, तर दर थांब्याला भरलेली बॅटरी बदलत गाडी चालू ठेवता येते. रात्री दिवे जास्त वीज खातात, म्हणून स्टिंट (दोन थांब्यांमधलं सलग चालवणं) लहान करावे लागतील. क्रमांक घसरेल, पण गाडी शेवटपर्यंत जाईल आणि तुमच्या वहीत उरलेल्या तासांची नोंद येईल. ही नोंद तुम्हाला दोन्ही वर्षं मिळाली नाही. माघारीने तुमचं खरं नुकसान केलं ते हे.

चालवण्याबद्दल थोडक्यात. कर्ब टाळा, गिअर टाकण्याआधी एक श्वास थांबा, आणि रात्रीची फेरीची वेळ आधीच ठरवून द्या. त्याहून वेगवान फेरी आली तर पिटच्या कडेला बसलेल्या माणसाने रेडिओवर टोकलं पाहिजे.

माणसांबद्दल मात्र थांबून लिहितो. सोडून गेलेल्या मेकॅनिकला भेटा. तो का गेला, हे कोणतीही टेलिमेट्री (गाडीतून येणारे आकडे) तुम्हाला सांगणार नाही. नोकरी करून, रात्री जागून, स्वतःच्या रजा खर्चून काम करणारा माणूस क्वचितच हरल्यामुळे जातो. गाडी थांबली आणि का थांबली हे त्याला कोणी सांगितलं नाही, किंवा त्याने दिलेला इशारा कोणी ऐकला नाही, म्हणून तो जातो. शर्यतीनंतर दोन दिवसांत सगळ्यांनी बसून एक-एक तुटलेला भाग टेबलावर ठेवून बोलायचं, ही सवय लावा. ड्रायव्हरही तिथे हवेत. आणि मेकॅनिकांची झोप ड्रायव्हरांच्या झोपेइतक्याच काटेकोरपणे लिहून काढा. सात-आठ जणांत दोन पाळ्या होतात. पहाटे पाच वाजता व्हील नट घट्ट करणारा माणूस किमान तीन तास झोपलेला असलाच पाहिजे.

टीमच्या मालकाने स्वतः गाडी चालवायची का, हाही प्रश्न तुमच्या पत्रात ओळींच्या मधून दिसला. तुमच्याच ट्रॅकवरची २०२५ ची गोष्ट आठवा. तमिळ अभिनेते अजित कुमार यांनी नवी टीम घेऊन दुबईच्या २४ तासांत भाग घेतला. सरावात त्यांच्या गाडीला मोठा अपघात झाला. टीमच्या यशासाठी त्यांनी आपल्या मुख्य गाडीतली ड्रायव्हरची जागा सोडली आणि दुसऱ्या, जीटी४ वर्गातल्या गाडीतून थोडं चालवलं. मुख्य गाडी तिच्या वर्गात तिसरी आली. देशभर त्या तिसऱ्या क्रमांकाचा जल्लोष झाला. मला त्याआधीचा निर्णय जास्त मोठा वाटतो. स्वतःच्या पैशांनी, स्वतःच्या नावाने उभ्या केलेल्या गाडीतून उतरणं फार थोड्या मालकांना जमतं.

पैशांचं सांगायचं तर इथे रोंदोची पुढची गोष्ट सांगणं भाग आहे, कारण जिंकणं म्हणजे टिकणं नव्हे. १९८१ मध्ये त्याच्या गाड्या दुसऱ्या आणि तिसऱ्या आल्या, पण त्याच शर्यतीत त्याच्या एका गाडीत ज्याँ-लुई लाफोस यांचा मृत्यू झाला. पुढच्या वर्षी ग्रुप सी या गाड्यांच्या वर्गाचे नवे नियम आले. रोंदोच्या गाडीने मोंझाची १,००० किलोमीटरची शर्यत जिंकली, जगज्जेतेपदासाठी पोर्शेशी वर्षभर झुंज दिली आणि ते थोडक्यात निसटलं. मग अगदी नवी, जमिनीला चिकटून धावणारी एम ४८२. ती कधी नीट उभीच राहिली नाही आणि तिच्यामागे कंपनीही बसली. १९८४ ला रोंदो दुसऱ्याच्या पोर्शेमध्ये बसून ल माँला दुसरा आला. डिसेंबर १९८५ मध्ये गावाजवळच्या रेल्वे फाटकावर त्याचा अपघाती मृत्यू झाला. वय अवघं ३९. हे लिहितानाही वाईट वाटतं. ज्या माणसाने एका इंजिनाच्या खोडी पाच वर्षं पाठ केल्या, त्याला जिंकल्यानंतर सगळंच एकदम बदलावं लागलं.

आँरी पेस्कारोलोचंही पाहा. ड्रायव्हर म्हणून चार वेळा ल माँ जिंकलेला, ३३ वेळा तिथे उतरलेला माणूस. २००० मध्ये त्याने स्वतःची टीम काढली, ल माँच्या ट्रॅकला लागूनच. २००५ ला त्याच्या दोन गाड्या पहिल्या रांगेत होत्या, एका फेरीच्या वेगात सगळ्यांच्या पुढे. एका गाडीचा वेळ गिअरबॉक्सच्या दुरुस्तीत गेला आणि ती ऑडीच्या मागे दोन फेऱ्यांनी दुसरी आली. २००६ ला पुन्हा दुसरी, या वेळी ऑडीच्या डिझेल गाडीच्या मागे चार फेऱ्यांनी. २००७ ला तिसरी. २०१० ला टीम दिवाळखोरीत गेली, मालमत्तेचा लिलाव झाला, आणि ती विकत घेणाऱ्या दोघांनी ती पेस्कारोलोच्याच हाती परत दिली. तो पुन्हा उभा राहिला, पण २०१३ पर्यंत सगळं संपलं. तो वेग कमी पडल्यामुळे हरला असं मी कधीच म्हणणार नाही. एका फेरीमागे लागणारा पैसा दर वर्षी वाढत गेला आणि तो भरणारी माणसं वाढली नाहीत.

म्हणून पैसे देणाऱ्यांच्या "कशासाठी?" या प्रश्नाला तुम्ही क्रमांकाचं वचन देऊन उत्तर देऊ नका. एकाच मोठ्या देणाऱ्यावर सगळी भिस्त ठेवू नका. इनाल्तेरा गेली तशी कोणतीही कंपनी जाऊ शकते. पाच-सहा छोटे हात जास्त बरे. त्यांना दाखवायला हिशोब ठेवा: गेल्या वर्षी किती तास चाललो, या वर्षी किती, कोणता दोष संपवला. अमेरिकेच्या जिम ग्लिकेनहाउसची टीम याच मोजपट्टीने मला आवडते. स्वतःची गाडी, फ्रान्समधल्या एका छोट्या कंपनीचं इंजिन, हायब्रिड नाही. २०२१ ते २०२३ अशी तीन वर्षं दर वर्षी दोन गाड्या ल माँला, आणि सहाच्या सहा गाड्या शेवटपर्यंत पोचल्या. २०२२ ला तर एक तिसरी आली. पुढे मोठ्या कंपन्यांच्या गर्दीत पैशांअभावी त्यांना थांबावं लागलं. तरी त्या तीन वर्षांच्या निकालपत्रात मागे पडलेल्या बलाढ्य कंपन्यांची नावं वाचली की ऊर भरून येतो.

तुम्ही पुढचं काय करावं ते सांगतो. थेट पुढच्या जानेवारीत दुबईला जाऊ नका, आधी एक चाचणी घ्या. त्याच आयोजकांची इटलीतली मुगेल्लोची १२ तासांची शर्यत असते, ती बहुतेकदा दोन दिवसांत विभागून होते. मधली रात्र गाडी दुरुस्त करायला, झोपायला आणि भाग उघडून पाहायला मिळते. छोट्या टीमला याहून चांगली शाळा नाही. तिकडे गाडी पाठवायचा खर्च जड असेल तर दुबईतच ट्रॅक भाड्याने घेऊन सलग आठ तास चालवा, त्यात शेवटचे तीन अंधारात. ठरलेल्या फेऱ्यांना ब्रेक आणि हबचा संच बदला, घड्याळ लावा, मेकॅनिकांच्या पाळ्या ठरल्याप्रमाणे पाळा. मग पुढचे दोन्ही हब काढून बेअरिंग कापून बघा. ग्रीसचा रंग काळा पडला असेल तर पत्ता तिथेच लागला; डिस्क थंड करणारी हवा हबपर्यंत नेणाऱ्या नळ्या मोठ्या करा आणि पुन्हा आठ तास चालवा. बेअरिंग स्वच्छ निघालं, व्होल्टेजची रेघ शेवटपर्यंत सपाट राहिली, तर त्याच आठवड्यात नोंदणीचा अर्ज भरा.